‘कायम’ होण्याआधी शिक्षकाला नोकरीवरून काढता येते का? शिक्षण सेवकांचे हक्क नेमके काय आहेत?

पुणे जिल्ह्यातल्या मंचरहून घोडेगाव, डिंभे धरण आणि पुढे आहुपेच्या दिशेने निघालं, की एकाच रस्त्यावर चार तऱ्हेच्या शाळा भेटतात. मंचर-घोडेगावात संस्थांची अनुदानित विद्यालयं आहेत आणि फी घेऊन चालणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळाही. गावोगावी आणि वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. धरणाच्या वरच्या अंगाला आदिवासी विकास विभागाच्या शासकीय आश्रमशाळा लागतात. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव सोडून पश्चिमेला आपटाळे, नाणेघाटाकडे गेलं तरी असंच चित्र दिसतं.

या चारही ठिकाणी नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला गावात सगळे ‘गुरुजी’, ‘सर’ किंवा ‘मॅडम’च म्हणतात. नोकरीची हमी मात्र प्रत्येकाची वेगळी असते. एकाला काढायचं तर महिनाभराची नोटीस द्यावी लागते, दुसऱ्याचा आदेश एप्रिलअखेर आपोआप संपतो, तिसऱ्याला थेट उच्च न्यायालयात जावं लागतं आणि चौथ्याच्या हातात धड नेमणुकीचा आदेशही नसतो. ‘अजून कायम नाही म्हणजे काहीच हक्क नाहीत’ हा समज मात्र चारही ठिकाणी सारखाच पसरलेला आहे. तो चुकीचा आहे.

शिक्षण सेवक म्हणजे कोण?

महाराष्ट्रात शिक्षण सेवक योजना २००० साली सुरू झाली. नव्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून पूर्ण वेतनश्रेणी न देता तीन वर्षं ठरावीक मानधनावर काम करायला लावायचं आणि काम समाधानकारक असेल तर नियमित शिक्षक म्हणून घ्यायचं, अशी ही रचना. सरकारचा पगारावरचा खर्च वाचावा हा त्यामागचा उघड हेतू होता. सुरुवातीला प्राथमिक शिक्षण सेवकाला महिन्याला ३,००० रुपये, माध्यमिकला ४,००० आणि उच्च माध्यमिकला ५,००० रुपये मिळत. पुढे ही रक्कम अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० रुपये झाली आणि तिथेच अडकली. महागाई वाढत राहिली, मानधन मात्र सुमारे दहा वर्षं हललं नाही.

हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. २०२२ मध्ये खंडपीठाने मानधन वाढवण्याबाबत सरकारला सुनावलं. त्यानंतर ७ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ते प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये करण्यात आलं. ही वाढ १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली.

वाढ मोठी वाटते, पण तुलना करून पाहायला हवी. सातव्या वेतन आयोगानुसार नियमित प्राथमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच २९,२०० रुपये आणि माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं ३८,६०० रुपये आहे. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता त्यावर वेगळा. शेजारच्या वर्गात तेच काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या निम्म्याहून कमी पैशांत शिक्षण सेवक तीन वर्षं काढतो. ‘कायम’ या शब्दाला शिक्षकाच्या घरात एवढं वजन का, ते या आकड्यांवरून कळतं. घराचं कर्ज असो की लग्नाची बोलणी, सगळं त्या शब्दापाशी थांबलेलं असतं.

कायद्यात पुढे ‘शिक्षण सेवक’ हे नाव बदलून ‘सहायक शिक्षक (परिविक्षाधीन)’ असं करण्यात आलं. पण शाळेच्या हजेरीपटापासून चहाच्या टपरीपर्यंत जुनंच नाव चालतं, म्हणून इथेही तेच वापरलं आहे.

खाजगी शाळा: १९७७ चा कायदा काय म्हणतो?

खाजगी शाळांतल्या शिक्षकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा कायदा म्हणजे महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. शिक्षक आणि वकील त्याला ‘एमईपीएस कायदा’ म्हणतात. त्याची नियमावली १९८१ ची आहे. हा कायदा फक्त अनुदानित शाळांना लागू आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात मान्यताप्राप्त खाजगी शाळेला अनुदान मिळत असो वा नसो, तो लागू होतो. फी घेणाऱ्या शाळेतल्या ‘आमच्याकडे सरकारी नियम चालत नाहीत’ या उत्तराने गप्प बसण्याचं कारण नाही.

नव्या शिक्षकाचं सगळं भवितव्य या कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. कायमस्वरूपी रिक्त जागेवर नेमलेला कर्मचारी दोन वर्षं परिविक्षेवर असतो, तर शिक्षण सेवक तीन वर्षं. परिविक्षा म्हणजे बोलीभाषेतला ‘प्रोबेशन’. हा काळ पूर्ण झाला, की तो कायम झाला असं कायदाच मानतो. संस्थेने वेगळं ‘कायम केल्याचं पत्र’ दिलं नाही म्हणून माणूस लटकत राहत नाही.

मग या काळात काढता येतं का? येतं. कलम ५(३) प्रमाणे परिविक्षाधीन शिक्षकाचं काम किंवा वर्तन समाधानकारक नाही असं व्यवस्थापनाचं मत झालं, तर एक महिन्याची नोटीस देऊन किंवा नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार अथवा मानधन देऊन सेवा संपवता येते. कायम शिक्षकाला काढण्यासाठी लागते तशी चौकशी समिती, आरोपपत्र, साक्षीपुरावे यांची भानगड इथे नसते. कायम आणि परिविक्षाधीन यांच्यातला खरा फरक हाच.

पण ‘मत झालं’ म्हणजे मनात आलं असं नव्हे. नियम १५ प्रमाणे परिविक्षेवरच्या कर्मचाऱ्याच्या कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन मुख्याध्यापकांनी करायचं असतं आणि त्याची नोंद ठेवायची असते. दोन-अडीच वर्षं एकही प्रतिकूल शेरा नाही, कधी लेखी सूचना नाही, आणि मुदत भरायला महिना उरला असताना अचानक ‘काम असमाधानकारक’ असं पत्र आलं, तर हे मत आलं कुठून, असा प्रश्न न्यायाधिकरणात विचारला जातो. रेकॉर्ड कोरं असेल तर व्यवस्थापनाची बाजू लंगडी पडते.

दुसरी मर्यादा कलंकाची. ‘काम समाधानकारक नाही’ एवढं म्हणून सेवा संपवणं वेगळं आणि पैशांची अफरातफर केली, विद्यार्थ्यांशी गैरवर्तन केलं असा ठपका ठेवून काढणं वेगळं. ठपका ठेवायचा असेल तर बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते. सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९५७ पासून सांगितलं आहे: परिविक्षाधीन माणसाला पदावर हक्क नसतो, पण चौकशीविना त्याच्या नावाला डाग लावता येत नाही.

कलम ५ मध्ये आणखी दोन तरतुदी आहेत, ज्या फारशा कोणाला ठाऊक नसतात. परिविक्षेत काढलेल्या शिक्षकाला त्याच संस्थेने वर्षभराच्या आत त्याच किंवा आपल्याच दुसऱ्या शाळेत पुन्हा घेतलं, तर आधीचा काळ परिविक्षेत मोजला जातो. म्हणजे काढून पुन्हा घेऊन घड्याळ शून्यावर आणता येत नाही. आणि पटसंख्या घटल्यामुळे अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजन झालेल्या शिक्षकाला नव्याने परिविक्षा लागत नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात पटाची ओढाताण नेहमीची असल्याने ही तरतूद तिथे विशेष कामाची आहे.

खरी गोम नेमणूक आदेशात

वरचं सगळं संरक्षण एका कागदावर अवलंबून आहे. नियमावलीच्या अनुसूची ‘ड’ मध्ये नेमणूक आदेशाचा नमुनाच दिलेला आहे आणि तो आदेश शिक्षकाला देऊन पोच घ्यायची असते. या आदेशात ‘कायमस्वरूपी रिक्त जागेवर, परिविक्षाधीन’ असं लिहिलं आहे की ‘तात्पुरत्या स्वरूपात, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’, यावर पुढची सगळी लढाई ठरते.

तात्पुरती नेमणूक बेकायदा नाही. एखाद्या शिक्षिकेची प्रसूती रजा आहे, कोणी दीर्घ रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेलं आहे, अशा जागी मुदतीची नेमणूक करावीच लागते. अडचण येते ती जागा कायमची रिकामी असताना जून ते एप्रिल असा आदेश काढण्याची आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवा आदेश देण्याची रीत पडते तेव्हा. पाच वर्षं शिकवलं तरी कागदोपत्री पाच वेगवेगळ्या तात्पुरत्या नोकऱ्या झालेल्या असतात.

‘इतकी वर्षं काम केलं म्हणजे कायम झालोच’ असं समजून बसणं इथे महागात पडतं. १९९७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नेमणूक ठरावीक मुदतीची आणि तात्पुरती असेल, तर जागा रिक्त होती एवढ्यावरून शिक्षक परिविक्षेवर होता आणि म्हणून कायम झाला असं मानता येत नाही. त्यामुळे आदेश हातात येताच त्यातला ‘मुदत’ हा रकाना आधी वाचायला हवा. सही करताना लाजेखातर किंवा आनंदाच्या भरात तो वाचायचा राहून जातो.

दुसरा कळीचा मुद्दा निवडीचा. पद मंजूर होतं का, जाहिरात आणि निवड नियमाप्रमाणे झाली का, शिक्षकाची पात्रता पुरी आहे का, आरक्षणाची बिंदुनामावली पाळली का, हे सगळं तपासलं जातं. मागच्या दाराने झालेल्या नेमणुकीला कलम ५ ची ढाल मिळणं कठीण. २०१७ नंतर ‘पवित्र’ पोर्टल आणि अभियोग्यता चाचणीमार्फत भरती होऊ लागल्याने अनुदानित शाळांत निवडीचा लेखी माग राहतो. शिक्षकाच्या दृष्टीने या पद्धतीचा हा मोठा फायदा आहे, मग पोर्टलच्या संथपणावर कितीही बोटं मोडली जावोत.

शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ क्रमांक या दोन गोष्टींनीही अनेकांची झोप उडालेली असते. मान्यता नाही म्हणून पगार नाही, हे अनुदानित शाळेत घडतं. पण मान्यता रखडली म्हणून नेमणूकच रद्द झाली, असं संस्थेने म्हणणं बरोबर नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हे स्पष्ट केलं: मान्यतेचा संबंध प्रामुख्याने अनुदानाशी आहे, नेमणुकीच्या वैधतेची ती पूर्वअट नाही.

कोरा राजीनामा

रुजू होतानाच तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही घेतल्याच्या तक्रारी शिक्षकांकडून राज्यभर ऐकू येतात. कायदा करणाऱ्यांना हा धोका १९७७ मध्येच दिसलेला होता. म्हणून कलम ७ मध्ये राजीनाम्याची पद्धत बारकाईने सांगितली आहे: पत्र दोन प्रतींत करायचं, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. टपालाने पाठवलेलाच नाही असा राजीनामा संस्थेच्या कपाटातून बाहेर निघाला, तर तो खऱ्या इच्छेने दिलेला आहे का, यावर लगेच प्रश्नचिन्ह लागतं.

स्वतःहून नोकरी सोडणाऱ्या शिक्षकावरही बंधन आहे. कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची नोटीस द्यायची किंवा तेवढ्या काळाचा पगार भरायचा. जिल्हा परिषदेत निवड झाली म्हणून रातोरात संस्थेची शाळा सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

काढलं तर जायचं कुठे?

बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा कामगार न्यायालय येतं. ते दार शिक्षकांना बंद आहे. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवलं, की औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक ‘कामगार’ नाही. शिकवणं हे उदात्त कार्य आहे, अशी त्यामागची भावना होती. त्या उदात्ततेची किंमत शिक्षकांनी मोजली, असं म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या शिक्षकांसाठी त्याऐवजी शाळा न्यायाधिकरण आहे. जुन्नर-आंबेगावच्या शिक्षकाला त्यासाठी पुण्याला जावं लागतं. कलम ९ प्रमाणे बडतर्फी, सेवा समाप्ती, पदावनती किंवा ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला बढती, या सगळ्यांविरुद्ध तिथे अपील करता येतं. परिविक्षाधीन शिक्षकालाही करता येतं. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण ‘संस्थाचालक म्हणाले पुढच्या जूनमध्ये बघू’ हे सबळ कारण ठरेलच असं नाही. पुष्कळ प्रकरणं याच आश्वासनात कुजतात. तालुक्याच्या गावात संस्थेची माणसं ओळखीची, कधी नात्यातली असतात. कोर्टाची पायरी चढलो तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, ही भीती खोटी नसते आणि ३० दिवस तेवढ्यात सरतात.

अपील मान्य झालं तर न्यायाधिकरण पुन्हा कामावर घेण्याचा आणि थकीत पगाराचा आदेश देऊ शकतं. पुन्हा घेणं योग्य नाही असं वाटलं तर नुकसानभरपाईची तरतूद आहे: दहा वर्षं किंवा त्याहून अधिक सेवा असेल तर बारा महिन्यांचा पगार, कमी असेल तर सहा महिन्यांचा. अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा किती पडतात, हे कोणत्याही वकिलाला विचारावं. निकालाविरुद्ध पुढे उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते.

अपिलासाठी लागणारे कागद नोकरी सुरू असतानाच जमवलेले असावे लागतात: नेमणूक आदेश, रुजू झाल्याचा अहवाल, मानधन जमा झालेलं बँक पासबुक, वेळापत्रक, लेखी सूचना आणि त्यांना दिलेली उत्तरं. काढल्यानंतर हजेरीपटाची प्रत मागायला गेलेल्या माणसाला ती कोणी सुखासुखी देत नाही.

जिल्हा परिषद आणि पेसा गावं

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९७७ चा कायदा लागू नाही, कारण त्यांची शाळा खाजगी नाही. त्यांच्या सेवेला जिल्हा परिषदेचे सेवानियम लागतात. तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढल्यावर प्रशासन नियमित वेतनश्रेणीचा आदेश काढतं. हा आदेश वेळेवर निघत नाही ही जुनी तक्रार आहे. मधल्या काळात काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणात जाता येत नाही. प्रशासनाकडे दाद मागायची आणि शेवटी उच्च न्यायालय. उलट बाजूने पाहिलं, तर सरकारी यंत्रणा असल्याने इथे कोणा एका संस्थाचालकाची मर्जी चालत नाही आणि समानतेचा घटनात्मक हक्क थेट मागता येतो.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिमेकडची अनेक गावं घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येतात. महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाची ही वस्ती. राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेनुसार इथली शिक्षकासह काही पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरायची आहेत. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निवड झालेल्या उमेदवारांच्या नेमणुका लटकल्या. २०२४ मध्ये राज्यभर आंदोलनं झाली. त्यानंतर सरकारने न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहून मानधनावर तात्पुरत्या नेमणुका देण्याचा मार्ग काढला. म्हणजे परीक्षा दिली, निवड झाली, आणि तरीही हाती आली ती शिक्षण सेवकापेक्षाही कच्ची नोकरी.

कमी पटाच्या शाळांचं आणखी वेगळं. २०२३ मध्ये सरकारने रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर घेण्याचा निर्णय केला. २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांना १५,००० रुपयांवर कंत्राटी नेमण्याचं धोरण आलं. विरोध झाल्यावर ते मागे घेतलं गेलं. अशा कंत्राटी नेमणुकीत कितीही वर्षं गेली तरी तो परिविक्षा काळ ठरत नाही. त्या रस्त्याच्या शेवटी ‘कायम’ नावाचं गाव नाही.

आश्रमशाळा: सगळ्यात कच्चा दुवा

घोडेगावला आदिवासी विकास विभागाचं एकात्मिक प्रकल्प कार्यालय आहे. त्याच्या अखत्यारीतल्या शासकीय आश्रमशाळांत नियमित शिक्षकांच्या जोडीला रोजंदारी आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. तासिका म्हणजे घेतलेल्या तासाचे पैसे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, पावसाने रस्ता बंद पडलेला दिवस, यांचे पैसे त्यात येत नाहीत. मुलं मात्र निवासी असतात. संध्याकाळी कोणाला ताप आला, तर तास संपला म्हणून हा शिक्षक निघून जात नाही.

२०२५ मध्ये विभागाने ही कामं बाह्यस्रोतामार्फत, म्हणजे खाजगी एजन्सीकडून करून घेण्याचं ठरवलं. त्याविरुद्ध राज्यभरातल्या रोजंदारी आणि तासिका कर्मचाऱ्यांनी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर ‘बिऱ्हाड आंदोलन’ मांडलं. एजन्सी आली, की शिक्षकाचा मालक शाळा नसून ठेकेदार होतो. मग ‘माझं काम समाधानकारक नाही हे कोण ठरवणार?’ हा प्रश्नही विचारायला जागा उरत नाही.

आणि कायम झालेल्यांचं काय?

२०१३ पासून महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या नव्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, सक्तीची आहे. शिक्षण सेवकाची तीन वर्षं भरली पण टीईटी नाही, तर कायमपणाचा दावा टिकणं अवघड असतं. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट जुन्या, कायम शिक्षकांनाही लावली. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर सेवा सोडावी लागेल. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ही अट लावायची का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे. त्यामुळे विशीतला शिक्षण सेवक आणि त्याला शाळेत शिकवलेले गुरुजी एकाच परीक्षेचा अर्ज भरताना दिसू लागले आहेत.